सांदवाडीतलं काटवल: एकदा लावा, दरसाल खा, पण वांझ वेल उपडू नका

माझ्या बहिणीचा पोरगा तिकडे इंग्लंडात वेकफिल्डच्या बाजूला शिकायला आहे. त्यानं फोटो पाठवला, लालगुलाबी देठांची जुडी, दिसायला अळूच्या देठांसारखी, आणि खाली लिहिलं, मावशी हे रूबार्ब, इथं घरोघरी मागच्या बागेत असतं, एकदा लावलं की दहा वर्षं बघायचं काम नाही, तू पण लाव ना तुझ्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात. आता मला असल्या गोष्टींचा किडा आहेच, दोन दिवस वाचत बसले. तर रूबार्बचं असं की हिवाळ्यात पानं-देठं सगळी मरतात, जमिनीत नुसता गड्डा उरतो, आणि त्या गड्ड्याला कित्येक आठवडे ५ अंशाच्या खालची थंडी मिळाली की मगच तो पुढं जोरात फुटतो. पहिल्या वर्षी देठ तोडायचे नाहीत, गड्डा भरू द्यायचा. खायचे ते देठच, पान अजिबात नाही, पानात ऑक्झॅलिक ॲसिड इतकं असतं की विषारी. आपला आंबट चुका त्याच खानदानातला बरं का, आणि काष्ठौषधीच्या दुकानात रेवंदचिनी मिळते ती पण हिमालयातल्या रूबार्बाचीच मुळी.

सगळं खरं, पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे ती थंडी आणायची कुठून? नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता तर त्याची केवढी बातमी झाली, आणि त्याच नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ होतं. त्या गड्ड्याचं जागच्या जागी भरीत होईल. मी पोराला कळवलं, बाबू, तुझं रूबार्ब तुला लखलाभ, पण जमिनीत गड्डा ठेवून झोपणारं आणि दरसाल आपोआप उठणारं झाड आपल्याकडे पण आहे, फक्त त्याची झोप उलटी आहे, ते थंडीला पण झोपतं आणि उन्हाळा पण झोपेतच काढतं, आणि पाऊस पडला की उठतं. तुझ्या आजीच्या हातची काटवलाची भाजी विसरला काय?

तर हे सगळं काटवलाबद्दल. पुण्याकडचे लोक करटोली म्हणतात, हिंदीत ककोडा नाहीतर कंटोला, छत्तीसगडात खेखसी, आणि आमच्या इथून तेलंगणाची सीमा जवळ म्हणून बाजारात बोडा काकरा पण ऐकू येतं. कारल्याच्या जातीचं, अंगावर मऊ काटे, पण कडू नाही. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत बाजारात येतं तेव्हा पाव किलोचा भाव ऐकून माणूस पिशवी घडी करून परत खिशात घालतो. म्हणून घरी लावायचं. आणि घरी लावणाऱ्यांपैकी अर्धे लोक दोन वर्षांत कंटाळून सोडून देतात, कारण वेल मस्त वाढतो, फुलं पण येतात, फळ काही येत नाही. मी पण त्यातलीच होते, त्याचं कारण पुढं सांगते, ते कळलं नाही तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

आधी बाई कोण अन् बुवा कोण

काटवलात नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेल वेगळा. दोडका, कोहळं, कारलं यांच्यात एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात, पपईत पुष्कळदा झाडं वेगळी असतात, तसं हे. नराच्या वेलाला जन्मात फळ लागत नाही. म्हणून आपल्या जुन्या लोकांनी त्याला नावच वांझ काटवल ठेवलं, आयुर्वेदात पण वंध्या कर्कोटकी म्हणतात ती हीच. आणि या नावानंच घोटाळा केला. लग्न होऊन आले तेव्हा सांदवाडीच्या काटीवर, म्हणजे काट्यांच्या कुंपणावर, दोन-तीन वेल होते, एकाला कधीच काही लागायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "अवं थे वांझ हाये, त्याले काय पाणी घालतं, उपडून फेक तिकडे." मी आज्ञाधारक सून, सब्बल घेऊन मुळासकट उपडला. पुढच्या साली उरलेल्या वेलांना फुलंच फुलं, आणि फळ एक नाही. बारकं बारकं काटवल दिसायचं, तीन-चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. आम्ही दोघी खत कमी पडलं म्हणून शेण टाकत राहिलो. बुवाच घरातून हाकलला तर शेण काय करणार!

हे मला उमगलं ते बाजारात. मंगळवारी बसायची एक म्हातारी, कोलामपोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, टोपलीभर जंगलातले काटवल घेऊन. तिला रडगाणं सांगितलं तर हसली, म्हणाली, "फुलाच्या मांगं पाय पोरी. मांगं गाठ असंन तं बाई, नसंन तं बुवा." एवढंच. कृषीच्या कोणत्याही पुस्तकात याच्यापेक्षा सोपं सांगितलेलं नाही.

थोडं खुलासेवार सांगते. मादीचं पिवळं फूल उलटं करून बघितलं तर पाकळ्यांच्या खाली लगेच एक बारीक काटेरी गोळी असते, कळी असतानाच दिसते, तेच पुढचं काटवल. नराच्या फुलाखाली गोळी नसते, बारीक लांब देठ असतो, आणि कळीला झाकणारी एक पानासारखी टोपी असते, डोक्यावर पदर घेतल्यासारखी. मादीला पण ते पान असतं पण एवढंसं, पटकन दिसणार नाही. फूल येईपर्यंत मात्र ओळखायचा उपाय नाही, पानावरून, वेलाच्या जाडीवरून, कंदाच्या आकारावरून कोणी ओळखून देतो म्हणाला तर ऐकून घ्या आणि पैसे खिशात ठेवा.

किती नर लागतात? शेतात लावणारे ८ ते १० माद्यांमागं १ नर ठेवतात. घरी चार-पाच माद्या असतील तर हिशेबानं एक पुरतो, पण मी दोन ठेवते, एक सडला किंवा डुकरानं खाल्ला तर सगळा मोसम जातो.

रोप आणायचं कुठून

तीन रस्ते आहेत, कंद, बी आणि फांदी. नवीन माणसानं कंदच घ्यावा.

कंद म्हणजे जमिनीतला गड्डा, सलगमसारखा नाहीतर रताळ्यासारखा, वयाप्रमाणे लहान-मोठा. याचा फायदा एकच पण फार मोठा, नराचा की मादीचा हे आधीच माहीत असू शकतं. "असू शकतं" म्हणते कारण त्यासाठी मागच्या पावसाळ्यात कोणीतरी खूण केलेली पाहिजे. मी पहिल्यांदा एका नर्सरीतून पाच कंद आणले, चार मादी एक नर सांगून दिले, पाचही नर निघाले. आता कोणाला बोलणार, पावती पण नव्हती. तेव्हापासून मी श्रावणात कामाला लागते. ज्याच्या धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला, काटीवर वेल आहेत त्याला विचारून ठेवायचं, फूल बघायचं, मादीच्या बुडाशी लाल चिंधी आणि नराच्या बुडाशी निळी चिंधी बांधायची, आणि शेजारी एक खुंटी ठोकायची. चिंधी नायलॉनच्या साडीची घ्या, सुती चिंधी दिवाळीपर्यंत कुजते. वेल वाळला की वर काहीच उरत नाही, खुंटीच कामी येते. मग मे महिन्यात जाऊन त्या खुंटीपाशी हळूच खोदायचं, वेलाचं बूड जिथं कंदाला जोडलेलं असतं तो शेंडा मोडू द्यायचा नाही, कोंब फुटायचे डोळे तिथंच असतात.

टिपेश्वरसारख्या अभयारण्यातून खोदून आणू नका, तो गुन्हा आहे. आणि बाकीच्या जंगलातून पण कंद उपसून आणणं बरं नाही, ज्या बायांचं पावसाळ्यातलं मीठ-मिरची त्या वेलावर चालतं त्यांच्या ताटातलं काढल्यासारखं होतं. विकत घ्यायचं तर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानं काढलेलं इंदिरा कंकोडा-१ हे वाण आहे, आपल्यासारख्याच हवेतलं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून बघा, आणि नर-मादी वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून मागा.

बियाचं सांगायचं तर स्वस्त आहे पण धीर पाहिजे. काटवल वेलावरच पिकू द्यायचं, केशरी होऊन फाटतं, आत लाल गरात काळसर बिया. गर धुवून सावलीत वाळवायच्या. ताजं बी लावलं तर उगवत नाही, कित्येक महिने ते झोपेतच असतं, म्हणून पुढच्या जूनमध्ये लावायचं, आणि लावायच्या आधी टरफल हलक्या हातानं तडकवून रात्रभर पाण्यात ठेवायचं. तरी मागंपुढं उगवतं, एक आज तर एक पंधरा दिवसांनी. आणि यातून साधारण निम्मे नर निम्म्या माद्या निघतात, त्यामुळे एका खड्ड्यात तीन-चार बिया टाकायच्या आणि फुलं दिसल्यावर जास्तीचे नर काढायचे. जास्तीचे म्हटलं, सगळे नाही!

फांदी म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये चांगल्या मादी वेलाची दोन-तीन पेरांची जून फांदी कापून ओल्या रेतीत खोचायची. सावलीत ठेवली तर मुळ्या फुटतात, थंडीपर्यंत खाली बारका कंद होतो, आणि फळ पुढच्या साली. मी दहा लावल्या होत्या, चार जगल्या. आईसारखीच पोर निघते हा याचा फायदा, मादीच्या फांदीतून मादीच.

जागा आणि खड्डा

आमच्याकडे दोन तऱ्हेची जमीन. टेकडीकडची मुरमाड, बरड, तिथं काटवल आपोआप येतं, तिला काही करायची गरज नाही. आणि खालची काळी भारी, कापसाची. काळ्या जमिनीत काटवल दोनदा मरतं, एकदा ऑगस्टच्या झडीत पाणी साचून कंद सडतो, आणि दुसऱ्यांदा एप्रिल-मेमध्ये जमिनीला हातहात भेगा पडतात, त्या भेगेत कंद उघडा पडून सुकतो. म्हणून काळी जमीन असेल तर जमिनीच्या वर एक फूट उंच गादी करा, अर्धी काळी माती, बाकी मुरूम किंवा रेती आणि शेणखत. नुसता खड्डा काळ्या जमिनीत खोदला तर ती विहीर होते, आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच येतं.

ऊन दिवसाला सहा तास तरी पाहिजे. थोडी दुपारची सावली चालते. न्हाणीच्या पाण्यावर केळ, अळू, कढीलिंब जगतात म्हणून काटवल पण तिथंच लावायचा मोह होतो, तो टाळा, वेल झोपलेला असताना रोजचं पाणी म्हणजे त्याचं मरण. माझे दोन कंद असेच गेले, खोदले तर हातात लगदा आला, वास असा की सासूबाई म्हणाल्या काही मेलं काय इथं.

खड्डे मेच्या पहिल्या पंधरवड्यात खोदून ठेवायचे, दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल, दोन खड्ड्यांत चार-पाच फुटांचं अंतर. मोठ्या शेतात दोन-दोन मीटर सोडतात, पण घरी मांडव एकच असतो त्यामुळे एवढ्यात भागतं. आपलं ऊन फुकट आहे ते खड्ड्याला पंधरा दिवस खाऊ द्या, बुरशी, हुमणीची अळी, सगळं भाजून निघतं. मग एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, आणि खोदलेली माती मिसळून भरायचं. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकू नका, त्यात हुमणी असते आणि ती कंद पोखरते. उकंड्याच्या अगदी खालचं, काळं, भुसभुशीत, हातात घेतलं तर शेणाचा वास न येणारं, ते घ्या.

लावणी

रोहिणी २५ मेच्या सुमारास लागतात, मृग ७-८ जूनला. मी रोहिण्यांत लावते. कंद दोन-तीन इंच खोल, डोळ्याची बाजू वर. उलटा गेला तरी बहुतेक वेळा वळसा घालून वर येतो, पण उशीर लागतो. कंद मोठा असेल तर कापून दोन करता येतात, प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा पाहिजे, कापलेल्या जागी चुलीची राख चोळून एक दिवस सावलीत ठेवायचा आणि मग लावायचा. लावल्यावर एक तांब्या पाणी, बस. रोज पाणी घालून उठवायला जाऊ नका, पाऊस आला की तो स्वतःच उठतो, आणि नाही आला तर तो आपल्यापेक्षा शहाणा आहे, थांबून राहतो. आमच्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो, त्यानंतर आठ-दहा दिवसांत लालसर हिरवा कोंब दिसायला पाहिजे. जुलै उजाडला तरी काही नाही तर बोटानं माती उकरून बघा.

नर कुठं लावायचा? मधोमध. कडेला लावला तर दुसऱ्या टोकाच्या मादीपर्यंत किडे पोचायला वेळ लागतो. आणि लावल्याच्या दिवशीच खुंटीवर पाटी करा, पत्र्यावर ऑइलपेंटनं "नर" लिहून. माझ्या घरात आता "वांझ" शब्द बंद आहे, पाटीवर "मामंजी" लिहिलंय, म्हणजे कोणी उपडायची हिंमत करत नाही.

मांडवाला काही विकत आणायची गरज नाही. बांबू किंवा बल्ल्या गाडायच्या, वर तार, आणि तारेवर पऱ्हाटी नाहीतर तुराटी, म्हणजे कापसाच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्या, आडवी बांधायची, त्याच्या खरबरीतपणाला वेलाची सुतं पटकन धरतात. नायलॉनची जाळी पण चालते पण हिवाळ्यात वाळका वेल त्यातून काढता काढता जीव जातो. उंची पाच-साडेपाच फूट, आपला हात पोचला पाहिजे, कारण संध्याकाळी फुलांशी काम आहे आणि काटवल पानाआड असं लपतं की डोळ्यासमोर असून दिसत नाही. वेल फूटभर झाला की सुतळीनं वर चढवून द्या, जमिनीवर लोळणाऱ्या वेलाची फळं सडतात.

दिवेलागणीचं काम

कोंब आल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलं सुरू होतात. आपल्याकडचं हे रानातलं काटवल संध्याकाळी फुलतं, दिवेलागणीला, आणि त्याचा उग्र गोडसर वास येतो, त्याच्यावर रात्रीचे पतंग येतात. जंगलाजवळ घर असेल तर पतंग आपलं काम करून जातात. पण वस्तीत, जिथं सगळीकडे फवारणी चालते आणि रस्त्यावरचे लाइट रात्रभर जळतात, तिथं पतंग कमीच, आणि मग फळ गळतं. त्यामुळे हातानं परागण करायचं. शब्द मोठा आहे, काम सोपं आहे.

नराचं उमललेलं फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या, मधला पिवळा भुकटीवाला भाग मादीच्या फुलाच्या मधोमध हलकेच दोन-तीनदा टेकवायचा. एका नराच्या फुलानं तीन-चार माद्या होतात. संध्याकाळी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, फुलं मिटायच्या आत. आमच्याकडे हे काम माझ्या मुलीचं, ती सगळ्या नर फुलांना नवरदेव म्हणते आणि लग्न लावून आल्यावर किती लागली ते कॅलेंडरवर लिहिते. फळ धरलं की तीन दिवसांत कळतं, गोळी हिरवी राहून फुगायला लागते, धरलं नाही तर पिवळी.

एक सांगायलाच पाहिजे, पावसाळ्यातली संध्याकाळ आणि मांडवाखालचं गवत म्हणजे सापाची जागा. पायात बूट, हातात बॅटरी, आणि मांडवाखालचं गवत दर आठवड्याला साफ. चप्पल घालून दोन मिनिटं जाऊन येते म्हणायचं नाही.

आणि तुम्ही नर्सरीतून मोठ्या, अंड्याएवढ्या फळाची जात आणली असेल तर तिची फुलं बहुतेक सकाळी उमलतात, ती वेगळी जात आहे, बंगाल-आसामकडची. दोन दिवस झाडाजवळ उभं राहून बघा कधी उमलतं, त्याप्रमाणे वेळ ठरवा. रानटी नर आणून मोठ्या जातीच्या मादीला लावायचा प्रयत्न मी करून बघितला, वेळच जुळत नाही दोघांची.

तोडायचं कधी

फूल मिटल्यापासून दहा-बारा दिवसांत, हिरवं आणि काटे मऊ असताना. नखानं दाबलं तर नख रुतलं पाहिजे. वजन म्हणाल तर एक काटवल १०-२० ग्रॅमचं, म्हणजे भाजीला पसाभर लागतात. दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहा, वेलावर चार पिकले की वेल बी करण्यात गुंततो आणि नवीन फुलं कमी होतात. पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नका, कंद बारका असतो, एक-दोन भाज्या झाल्या तरी पावलं. इथं रूबार्बवाल्यांची आणि आपली गोष्ट एकच आहे, पहिलं वर्ष गड्ड्याचं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मग वेल बघण्यासारखा होतो, पोळ्यापर्यंत आमच्याकडे आठवड्याला दोनदा भाजी होते आणि शेजारी वाटी जाते.

भाजीचं पण एका वाक्यात सांगते, सोलायचं नाही, काटे चाकूनं वरवर खरवडायचे, पातळ चकत्या, जून बी असेल तर काढून टाकायचं, तेलात कांदा, लसूण, तिखट, मीठ, वर झाकण नाही आणि पाणी तर थेंबभर पण नाही, आणि सोबत ज्वारीची भाकर.

किडे आणि मोठे चोर

सगळ्यात वाईट फळमाशी. ती कोवळ्या फळाला सुई टोचल्यासारखं भोक पाडून आत अंडी घालते, फळ एका बाजूला वाकडं होतं, पिवळं पडतं, फोडलं तर अळ्या. असं फळ मांडवाखाली पडू देऊ नका, अळी मातीत जाते आणि परत माशी होऊन येते. रोज वेचायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधून उन्हात ठेवायचं, नाहीतर दोन फूट खोल पुरायचं. कृषी केंद्रात क्यू-ल्यूरचा सापळा मिळतो, कामगंध सापळा म्हणून मागा, घराला एक पुरतो. त्यात नर माश्या अडकतात. आणि परागण केलेल्या फळाला तिसऱ्या दिवशी पेपरची पुडी बांधली तर माशीचा प्रश्नच नाही, पण झडीत पेपर लगदा होतो, म्हणून मी जुन्या मच्छरदाणीच्या थैल्या शिवून ठेवल्यात.

कोंब लहान असताना लाल भुंगे पानं चाळणी करतात. सकाळी दवात ते सुस्त असतात, तेव्हा वेचायचे, आणि पानावर चाळलेली राख भुरभुरायची. जास्त झाले तर ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून गाळून. फवारणी सकाळी करा, संध्याकाळी फुलांवर आणि पतंगांवर काही उडवू नका. भाद्रपदात उघडीप पडली की पानांवर पांढरी भुरी येते, तशी पानं काढून टाका आणि मांडव थोडा मोकळा करा, त्या वेळेपर्यंत निम्मं पीक घरात आलेलं असतं, फार जिवाला लावून घ्यायचं नाही.

रानडुक्कर मात्र जिवाला लावून घेण्यासारखं आहे. कंदाचा वास त्याला बरोबर येतो आणि एका रात्रीत चार वर्षांचं काम उलथून टाकतो. गावाच्या कडेला घर असेल तर गादीवर बोरीच्या काट्या पसरा आणि वरून दगड. उंदरांना पण कंद आवडतो, त्यासाठी मी कंदाच्या भोवती मुरमाचा जाड थर देते, भुसभुशीत मातीत बीळ करणं सोपं, मुरमात नाही.

वेल वाळला, आता हात लावू नका

दिवाळीच्या आसपास पानं पिवळी पडायला लागतात, मार्गशीर्षापर्यंत वेल पूर्ण वाळतो. इथंच दुसरी मोठी चूक होते. मेलं म्हणून लोक उपडून टाकतात, नाहीतर त्या रिकाम्या जागेत मेथी-पालक टाकून रोज पाणी देतात. मी एकदा हिवाळ्यात माहेरी गेले होते, मागं ह्यांनी मजूर लावून सांदवाडी स्वच्छ करवली, फावड्यानं सगळं उकरून, खुंट्या सकट. आल्यावर म्हणाले कशी झकास दिसते बघ. मी काय बोलणार, कंद उकंड्यावर पडले होते, अर्धे चिरलेले. त्यातले तीन वेचून राखेत लोळवून रेतीत ठेवले, दोन वाचले.

तर वेल वाळल्यावर बुडापासून चार-सहा इंच ठेवून इळ्यानं कापायचा, खुंटी आणि पाटी नीट आहे का बघायची, वर एक टोपलं शेणखत, त्यावर तुरीचं कुटार किंवा पालापाचोळा चांगला वीतभर. पाणी पूर्ण बंद. मार्चपासून काळ्या जमिनीत भेगा दिसायला लागल्या की भुसभुशीत माती आणून भेगा भरत जायच्या आणि कुटार परत सारखं करायचं. मुरमाड जमिनीत एवढं पण नको. ४६-४७ अंशातही तो खाली जिवंत असतो. पाणी दिलं पाहिजे असं वाटून वाटून माझा हात कितीदा बादलीकडे गेला, पण त्याला खरंच नको असतं.

ज्यांची जमीन फारच चिबड, पाणी धरून ठेवणारी आहे त्यांनी कंद काढून घरात ठेवावेत. मातीच्या जुन्या माठात कोरडी रेती, त्यात एकावर एक न लागतील असे कंद, माठ अंधाऱ्या कोपऱ्यात, तोंडावर फडकं. नर आणि मादी वेगवेगळ्या माठात, आणि माठावर खडूनं लिहा, खडू पुसतो म्हणून चिंधी पण बांधा.

तीन-चार वर्षांनी कंद एवढा मोठा होतो की एका जागी तीन-चार कोंब निघून वेल आपसांत गुंततात आणि फळ बारीक यायला लागतं. त्या मे महिन्यात खोदा, वर सांगितलं तसे तुकडे करा, निम्मे परत लावा आणि उरलेले वाटा. आमच्याकडून आतापर्यंत गावात सात-आठ घरी गेलेत. देताना मादीचे चार तुकडे दिले की नराचा एक तुकडा वेगळ्या पुडीत, निळी चिंधी बांधून, हातात देते, आणि घरात सासू असेल तर पुडी सासूच्याच हातात देते.